गॉसमीटर न लावता दोन गॅलॅक्सींच्या मधलं मॅग्नेटिक फील्ड कसं कळतं?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्वालिटी बघणाऱ्या एका दादांचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा: "हायड्रॉलिक व्हॉल्व्हचा स्पूल ग्राइंडिंग होऊन आला की आम्ही गॉसमीटर लावून बघतो, ३ गॉसच्या वर दाखवला तर परत डीमॅग्नेटायझरमधनं काढतो. परवा वाचलं की गामा किरणांवरनं दोन गॅलॅक्सींच्या मधल्या मोकळ्या जागेतलं मॅग्नेटिक फील्ड मोजलंय म्हणे. तिथं प्रोब कोण घेऊन गेलं? का नुसती फेकाफेकी?"

फेकाफेकी नाही, पण मोजलेलं पण नाही. बातमीत 'मोजलं' लिहिलं असेल तर ते चूक. आमच्या हातात आहे ती किमान मर्यादा, म्हणजे फील्ड इतक्यापेक्षा तरी कमी नसणार एवढंच, आणि ती सुद्धा एक गोष्ट दिसायला पाहिजे होती आणि दिसली नाही त्यावरनं काढलेली. मी १८ वर्षं गामा-रे डेटावरच काम करते, तरी खानापूरला घरी गेले की आई विचारतेच, "अगं, मग मोजलासा की नाही मोजलासा?" तिला एका वाक्यात उत्तर देता येत नाही म्हणून इथं सविस्तर लिहिते. आणि दादा, तुमचा गॉसमीटर मला नवीन नाही. बाबा उद्यमबागेतच टर्नर होते. स्पूलमध्ये मॅग्नेटिझम राहिलं की तेलातली लोखंडाची बारीक भुकटी त्याला चिकटते आणि व्हॉल्व्ह अडकतो, हे मला फिजिक्सच्या पुस्तकाआधी जेवणाच्या ताटावर कळलेलं आहे.

आधी आकडा डोक्यात बसू दे. आपल्या बेळगावात पृथ्वीचं स्वतःचं फील्ड अंदाजे ०.४ गॉस. आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या जागेत काही मायक्रोगॉस, म्हणजे गॉसचा काही दशलक्षांश. माणसाचा मेंदू चालतो तेव्हा डोक्याबाहेर जे फील्ड येतं ते गॉसच्या अब्जांशाच्या घरातलं, ते पकडायला खास खोली आणि अतिथंड सेन्सर लागतात. आणि गॅलॅक्सींच्या मधल्या ओसाड पोकळ्यांमध्ये ज्या आकड्याबद्दल बोलतोय तो १० चा उणे १६ वा घात, म्हणजे दशांश चिन्हानंतर १५ शून्यं आणि मग १. आम्ही बोलताना नुसतं "उणे सोळा" म्हणतो, मी पण पुढं तसंच लिहिते. मेंदूच्या फील्डपेक्षा हे कोटभर पटीनं कमी. तुमच्या गॉसमीटरसोबत झिरो सेट करायची ती नळी येते ना, प्रोब आत घालून शून्य करायची, तिच्या आत सुद्धा याच्या अब्जावधी पट फील्ड शिल्लक असतं. त्यामुळं यंत्र नेऊन मोजायचा विषयच नाही, उद्या कुणी फुकट नेऊन सोडलं तरी.

मग प्रोब कोण? प्रोब म्हणजे इलेक्ट्रॉन. तो इथनं न्यावा लागत नाही, तिथल्या तिथं तयार होतो, तो कसा ते सांगते.

ब्लेझार नावाच्या गॅलॅक्सी असतात. मधोमध अवाढव्य ब्लॅक होल, त्यातनं जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं निघालेला झोत, आणि तो झोत नेमका आपल्याच तोंडावर रोखलेला. यातले काही ब्लेझार टीईव्ही एनर्जीचे गामा किरण सोडतात. एक टीईव्ही म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाच्या एका फोटॉनच्या साधारण पाच-सहाशे अब्ज पट एनर्जी, एकाच फोटॉनमध्ये. आमच्या धंद्यातला सगळ्यात लाडका नमुना म्हणजे १ईएस ०२२९+२००, मेष राशीत आहे, रेडशिफ्ट (विश्व पसरल्यामुळं उजेड किती ताणला गेला त्याचं माप) ०.१४, त्याचा उजेड इथं यायला साधारण १८० कोटी वर्षं लागतात. नाव असलं रुक्ष कारण ते आइन्स्टाइन नावाच्या जुन्या एक्स-रे उपग्रहाच्या यादीतनं आलंय. नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी २००७ मध्ये त्याचे टीईव्ही किरण दाखवले, ते पार १० टीईव्हीच्या पुढं जातात.

आता एवढा जोरदार फोटॉन मोकळ्या जागेतनं सरळ यायला पाहिजे की नाही? येत नाही. कारण ती जागा मोकळी नाही. आजवर जन्मलेल्या सगळ्या ताऱ्यांनी सोडलेला उजेड आणि धुळीनं तापून सोडलेलं इन्फ्रारेड सगळीकडे भरून राहिलंय, अगदी फिकं, पण आहे. टीईव्हीचा गामा किरण या फिक्या उजेडातल्या एखाद्या फोटॉनवर आपटला की दोघंही संपतात आणि त्यातनं एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच उलट्या चार्जचा जुळा) निघतो. उजेडावर उजेड आपटून पदार्थ तयार होतो, हे मला आज इतक्या वर्षांनी पण जरा जादूच वाटते. ०२२९ पासून निघालेल्या १० टीईव्हीच्या फोटॉनपैकी शंभरात एखादाच आपल्यापर्यंत धड येतो, बाकीचे वाटेत असे फुटतात.

फुटले म्हणजे एनर्जी संपली असं नव्हे, इथंच खरी गंमत आहे. हिडकलच्या कालव्याला वरनं पाणी सोडलं आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला आलं नाही, तर तो म्हणतो काय, "पाणी गेलं कुठं?" पाणी नाहीसं होत नाही, कुणाच्या तरी रानात गेलेलं असतं, नाहीतर झिरपलेलं असतं. तसंच इथं. १० टीईव्हीचा फोटॉन फुटला की ५-५ टीईव्हीचे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन निघतात. विश्वभर महास्फोटापासूनचा मायक्रोवेव्ह उजेड भरलेला आहे, त्याच्या फोटॉनना हे दोघं धडका देत सुटतात आणि प्रत्येक धडकेत त्या बिचाऱ्या मायक्रोवेव्ह फोटॉनला उचलून ८०-९० जीईव्हीचा (जीईव्ही म्हणजे टीईव्हीचा हजारावा भाग) गामा किरण करून टाकतात. अशा धडका देत देत साधारण दोन लाख प्रकाशवर्षांत त्यांची बरीचशी एनर्जी संपते. सुरुवातीचा फोटॉन १ टीईव्हीचा असला तर दुय्यम किरण जेमतेम १ जीईव्हीच्या आसपास येतात. म्हणजे हिशोब साधा: वर टीईव्ही गायब झालं तेवढ्याच वजनाचं जीईव्ही खाली दिसलं पाहिजे.

जीईव्ही बघायला आपल्याकडे फर्मी उपग्रह आहे, जून २००८ मध्ये सोडलेला, दर तीनेक तासांनी सगळं आकाश एकदा झाडून काढतो. २०१० मध्ये अँद्री नेरोनोव्ह आणि इव्हगेन वोव्क या दोघांनी हाच हिशोब मांडला. ०२२९ सारखे दोन-तीन ब्लेझार घेतले, हेसनं दिसलेल्या टीईव्हीवरनं किती जीईव्ही यायला पाहिजे ते काढलं, आणि फर्मीच्या डेटात बघितलं तर तेवढं नाहीच. ०२२९ तर फर्मीच्या पहिल्या कॅटलॉगमध्ये सुद्धा नव्हता, इतका जीईव्हीत फिका. मग पाणी गेलं कुठं? त्यांचं म्हणणं असं की वाटेत जे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन तयार झाले त्यांना मॅग्नेटिक फील्डनं वळवलं. फोटॉनला फील्ड वळवू शकत नाही, पण इलेक्ट्रॉनला चार्ज आहे, तो वळतो. तो वळला की त्यानं उडवलेला किरण पण तिरक्या दिशेला जातो, ठिपक्यातनं यायचा तो आजूबाजूला पसरतो, किंवा लांबची वाट धरल्यामुळं उशिरा येतो, आणि ठिपका फिका पडतो. एवढं फिकं पडायला फील्ड कमीत कमी ३ गुणिले उणे सोळा गॉस लागतं, असा त्यांचा निकाल.

हा वळण्याचा हिशोब तुम्ही स्वतः करून बघू शकता. उणे सोळा गॉसमध्ये ५ टीईव्हीचा इलेक्ट्रॉन ज्या वर्तुळात फिरेल त्याची त्रिज्या येते साधारण साडेसतरा कोटी प्रकाशवर्षं. एवढ्या वर्तुळावर तो फक्त दोन लाख प्रकाशवर्षं चालतो, तेवढ्यात त्याची हवा गेलेली असते. भागाकार करा, वळण येतं ०.०७ अंश, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा सातवा भाग. पण इलेक्ट्रॉनची एनर्जी दहापट कमी केली तर तो वळतो पण दहापट जोरात आणि चालतो पण दहापट लांब, म्हणजे वळण शंभरपट, एकदम ७ अंश. म्हणून १ जीईव्हीच्या बाजूला पसारा प्रचंड आणि १०० जीईव्हीच्या बाजूला अगदी थोडा. इतकं कमी फील्ड पकडीत येतं ते या लांबीमुळं. आपल्या टेबलावर दोन लाख प्रकाशवर्षांची नळी ठेवता आली असती तर तुमच्या शॉपमध्ये पण जमलं असतं.

पसरलेलं दिसायला नको का, असा पुढचा प्रश्न येणार. यायलाच पाहिजे. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडनं चोर्ला घाटात उतरताना समोरनं येणाऱ्या गाडीचा हेडलाइट बघितलाय ना, धुक्यात दिवा बारीक दिसत नाही, भोवती मोठा पिवळा गोळा दिसतो. ब्लेझारच्या भोवती तसा जीईव्हीचा गोळा दिसला असता तर त्याच्या रुंदीवरनं फील्ड खरंच मोजता आलं असतं, नुसती मर्यादा नव्हे. अहारोनियन, कोप्पी आणि फोल्क यांनी १९९४ मध्येच असल्या प्रभामंडळाची कल्पना मांडली होती.

आणि २०१० मध्ये एका टीमनं खरंच जाहीर केलं की दिसला! बऱ्याच ब्लेझारचे फर्मी फोटो एकावर एक ठेवले आणि भोवती पसरट उजेड निघाला. पुढच्याच वर्षी नेरोनोव्ह आणि इतरांनी क्रॅब नेब्युला घेऊन तीच तपासणी केली. क्रॅब म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष, तो आपल्याच आकाशगंगेत आहे, तिथं असला गोळा असायचं काही कारणच नाही. तर क्रॅब पण तेवढाच फुगलेला! म्हणजे फुगवटा आकाशात नव्हता, यंत्राला ठिपका किती जाड दिसतो त्याच्या गणितात होता, ते नंतर फर्मीवाल्यांनी सुधारलं. दादा, तुम्ही जॉब लावायच्या आधी मास्टर लावून डायल झिरो करता, तेच. आमचा मास्टर क्रॅब.

हे मी दुसऱ्याला हसत सांगत नाही, माझी पण एकदा अशीच फजिती झालीय. सुरुवातीच्या दिवसांत एका ब्लेझारभोवती मला झकास गोळा दिसला, दोन रात्री झोप नाही, गाइडना मेल टाकायच्या बेतात होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की अर्ध्या अंशावर एक फिका सोर्स होता तो मी मॉडेलमध्ये घेतलाच नव्हता, त्याचे फोटॉन माझ्या गोळ्यात मोजले जात होते. मॉडेलमध्ये तो टाकला आणि गोळा गेला. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "शेजारच्या मशीनचा धक्का आपल्या जॉबवर येतोच की, त्यात काय." आजपर्यंत कुठल्याही एका ब्लेझारभोवती सगळ्यांनी मान्य केलेलं प्रभामंडळ सापडलेलं नाही. मधनं मधनं इशारे येतात, मी फार मनावर घेत नाही.

दुसरा रस्ता वेळेचा, आणि मला जास्त भरवशाचा हाच वाटतो. वळलेला इलेक्ट्रॉन लांबची वाट धरतो, त्यामुळं त्यानं उडवलेला किरण सरळ आलेल्या उजेडापेक्षा उशिरा पोचतो. प्लागा नावाच्या शास्त्रज्ञानं १९९५ मध्ये हे सुचवलं होतं. किती उशीर? १०० जीईव्हीचा दुय्यम किरण घ्या. फील्ड उणे अठरा गॉस असेल तर आठवडाभर. उणे सतरा असेल तर दोन वर्षं. उणे सोळा असेल तर दोनशे वर्षं. फील्ड दहापट झालं की उशीर शंभरपट, म्हणून आकडे असे झपाट्यानं पळतात. आणि एनर्जी कमी झाली तर अजून वाईट, १० जीईव्हीला उणे अठरामध्येच सात वर्षं लागतात.

इथं २०१० च्या निकालातली फट दिसते बघा. फील्ड उणे सोळा असेल आणि ०२२९ फक्त गेली वीस वर्षं पेटलेला असेल, तर दुय्यम किरण अजून वाटेतच आहेत, दोनशे वर्षांनी येतील, आत्ता ते दिसत नाहीत यात नवल काय! आणि आपण त्याला टीईव्हीत बघतोय तेच मुळी वीसेक वर्षं. वर पाणी कालच सोडलं असेल तर टोकाला आज कोरडं असणारच, त्यावरनं चोरीचा आळ घेता येत नाही. म्हणून दुसऱ्या टीमनी लगेच सांगितलं की ब्लेझार कायम पेटलेला आहे असं धरू नका, फक्त बघितलंय तेवढाच काळ धरा, मग मर्यादा उणे सतरा-अठरापर्यंत खाली येते. ती कमी झाली, पण शून्य झाली नाही, हे महत्त्वाचं. तेवढा उशीर व्हायला पण काहीतरी फील्ड लागतंच. नंतर स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणींनी इतर डेटा जोडून १४ वर्षांचा ०२२९ चा चढउतार तपासला आणि २०२३ मध्ये १.८ गुणिले उणे सतरा ही मर्यादा दिली, त्याच वर्षी हेस आणि फर्मीनं मिळून बरेच ब्लेझार घेऊन, दहा वर्षं पेटलेले धरून, उणे सोळाच्या सातपट दिली. दोन आकडे वेगळे दिसतात म्हणून कुणी खोटं बोलतंय असं नाही, गृहीत काय धरलं ते वेगळं आहे. माझ्याकडे कुणी नुसता आकडा घेऊन आलं तर मी पहिल्यांदा विचारते, "सोर्स किती वर्षं चालू धरलाय?" ते सांगता आलं नाही तर पुढं बोलण्यात अर्थ नाही.

वेळेचा हिशोब करायला सगळ्यात चांगला दिवा म्हणजे जो एकदाच पेटून विझतो तो. गामा-रे बर्स्ट, म्हणजे गामा किरणांचा एकदम उडणारा भडका. तुम्हाला ९ ऑक्टोबर २०२२ आठवतो का? आठवत असणार, कोजागिरी होती. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, गच्चीवर चटया टाकायचं चालू होतं, दूध गॅसवर होतं, तेव्हा १९० कोटी वर्षांपूर्वी निघालेला एक बर्स्ट पृथ्वीवर आला, आजवर नोंदलेला सगळ्यात तेजस्वी, जीआरबी २२१००९ए. आणि आमचं नशीब बघा, पौर्णिमा. आमच्या दुर्बिणी गामा किरण थेट बघत नाहीत, गामा किरण हवेत शिरला की वर दहा किलोमीटरवर कणांचा सडा पडतो आणि त्यातनं काही नॅनोसेकंदांचा निळा लुकलुकाट निघतो, तो पकडतात. कोजागिरीच्या चंद्रात तो काय दिसणार. हेसला बघायला मिळालं ते ५३ तासांनी. ज्या चंद्राची तुम्ही सगळे वाट बघत होता त्याला आम्ही शिव्या देत होतो.

पण चीनमधल्या सिचुआनमध्ये ४,४१० मीटर उंचीवर ल्हासो नावाची सोय आहे, ती पाण्याच्या टाक्यांमध्ये कण मोजते, तिला चंद्राचं काही पडलेलं नाही. तिनं पहिल्या ३,००० सेकंदांत ०.२ टीईव्हीच्या वरचे ६४,००० पेक्षा जास्त फोटॉन टिपले, सगळ्यात जोरदार तर १३ टीईव्हीच्या आसपासचा. म्हणजे वर किती पाणी सोडलं आणि कधी सोडलं ते मिनिटासकट माहीत. मग सगळे फर्मीच्या डेटाला भिडले, मागनं प्रतिध्वनी येतोय का बघायला. बर्स्टनंतर नऊ-साडेनऊ तासांनी फर्मीत सुमारे ४०० जीईव्हीचा एक फोटॉन त्याच दिशेनं आला आणि एका टीमनं म्हटलं की हाच तो उशिरा आलेला दुय्यम किरण. असेल पण. पण एका फोटॉनवर मी खानापूरच्या एसटीचं तिकीट सुद्धा काढणार नाही. बाकी प्रतिध्वनी दिसला नाही, आणि त्या न दिसण्यावरनं वेगवेगळ्या लोकांनी मर्यादा काढल्या, त्या ब्लेझारपेक्षा कमकुवत आहेत पण स्वच्छ आहेत, कारण इथं "कधीपासून पेटलंय" हा वादच नाही.

आता सगळ्यात मोठी शंका, जी माझ्या मते बातम्यांमध्ये कधीच येत नाही. जीईव्ही न दिसण्याचं कारण फील्डच कशावरनं? ब्रॉडरिक, चँग आणि फ्रोमर यांनी २०१२ मध्ये दुसरंच कारण पुढं केलं. त्या पोकळ्या पण अगदी रिकाम्या नाहीत, घनमीटरला एखादा अणू पण धड नाही इतका विरळ असला तरी तिथं प्लाझ्मा, म्हणजे चार्ज असलेल्या कणांचा वायू, आहे. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा झोत त्यातनं जाताना प्लाझ्मात लाटा उठवतो, लाटांनी झोत अजून ढवळला जातो, आणि एनर्जी गामा किरणात न जाता प्लाझ्मा तापवण्यात जाते. म्हणजे पाणी कुणी वळवलं नाही, कालव्यातच झिरपलं. हे बरोबर असेल तर फील्ड शून्य असलं तरी जीईव्ही दिसणार नाही आणि आमच्या सगळ्या मर्यादा गेल्या. यावर भांडण अजून चालू आहे. लाटा किती वेगानं वाढतात ते झोत किती पसरलेला आहे आणि प्लाझ्मा सगळीकडे सारखा आहे की नाही यावर अवलंबून, आणि कॉम्प्युटरवर खऱ्या आकड्यांनी हे चालवता येत नाही, कारण झोत प्लाझ्मापेक्षा पण कित्येक पटींनी विरळ. युरोपातल्या सर्न या संस्थेत प्रोटॉनचा बीम वापरून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचे झोत प्रयोगशाळेत तयार केले गेलेत, ते प्लाझ्मातनं सोडून बघायला, मला त्यात खरा रस आहे. माझं वैयक्तिक मत असं की झिरपणं थोडं होत असेल, पण सगळं पाणी पिण्याइतकं नाही. मत आहे, निकाल नाही.

वरची मर्यादा? ती गामा किरणांतनं येत नाही. महास्फोटानंतरच्या मायक्रोवेव्ह उजेडावर फील्डचे जे वळ उठले असते ते प्लँक उपग्रहाला दिसले नाहीत, त्यावरनं फील्ड उणे नऊ गॉसच्या फार वर नाही. म्हणजे खाली उणे सोळा, वर उणे नऊ. मधे सात घात. तुमच्या भाषेत सांगायचं तर ड्रॉइंगवर लिहिलंय की शाफ्टचा व्यास १ मिलीमीटरपेक्षा जास्त आणि १० किलोमीटरपेक्षा कमी ठेवा. असलं ड्रॉइंग घेऊन तुम्ही पार्टीला परत पाठवाल, आम्ही त्यावर पेपर लिहितो! भरीला फील्डची दिशा किती अंतरावर बदलते हे पण ठाऊक नाही. दिशा जवळजवळ बदलत असेल तर इलेक्ट्रॉन एकदा इकडं एकदा तिकडं वळतो, एकूण वळण कमी भरतं, आणि तेवढंच फिकं पाडायला फील्ड जास्त लागतं. म्हणून कुठलीही मर्यादा वाचताना तिच्याबरोबर लांबी पण वाचायची.

मग एवढा खटाटोप कशासाठी, तर हे फील्ड आलं कुठनं त्यासाठी. गॅलॅक्सीतलं फील्ड डायनॅमोनं, म्हणजे तिथला वायू फिरत-ढवळत राहिल्यामुळं, वाढतं हे बऱ्यापैकी कळलंय, पण वाढायला आधी थोडंतरी लागतं, दह्याला विरजण लागतं तसं. ते विरजण विश्वाच्या पहिल्या क्षणांतलं आहे, की नंतर गॅलॅक्सींनी वाऱ्याबरोबर बाहेर टाकलेलं आहे? गॅलॅक्सींनी टाकलेलं असेल तर ते त्यांच्या आसपास असणार, मधल्या ओसाड पोकळ्यांत इतक्या लांब पोचणं अवघड. आणि ब्लेझारच्या हिशोबातनं असं निघतं की फील्ड वाटेच्या निम्म्याहून जास्त भागात, एका अभ्यासात ६० टक्क्यांच्या आसपास, भरलेलं पाहिजे. म्हणून आमच्यातले बरेच जण पहिल्या क्षणांच्या बाजूला झुकतात. मी पण झुकते, पण प्लाझ्माचं भांडण मिटल्याशिवाय त्यावर सही करणार नाही.

आपल्या भारतात काय आहे ते पण दादांनी विचारलं होतं. लडाखमध्ये हानलेला ४,२७० मीटर उंचीवर मेस ही गामा-रे दुर्बीण आहे, २१ मीटर व्यासाची, ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचं रीतसर उद्घाटन झालं. एवढा मोठा आरसा आणि एवढी उंची दोन्ही मिळून ती खालच्या एनर्जीपर्यंत उतरते, आणि फर्मी जिथं फोटॉनअभावी दमतो तिथं ते उपयोगी पडतं. पुढं ला पाल्मा आणि चिलीत सीटीएओ हा गामा-रे दुर्बिणींचा नवा मोठा संच उभा राहतोय, ठिपका त्याला जास्त बारीक दिसेल, तेव्हा फिक्या प्रभामंडळाचं काय ते खरं कळेल.

शेवटी तुमच्या मुलाबद्दल, बीएस्सीला आहे लिहिलंय म्हणून. फर्मीचा सगळा डेटा फुकट आणि खुला आहे, सॉफ्टवेअर पण फुकट, साध्या लॅपटॉपवर चालतं, फक्त लिनक्सची थोडी सवय पाहिजे आणि पहिले पंधरा दिवस काहीच जमणार नाही याची तयारी. त्याला सांगा, सुरुवातीलाच ०२२९ वर उडी मारू नको, त्यात फोटॉनच इतके कमी आहेत की काय चुकलं ते कळणार नाही. आधी क्रॅब कर. क्रॅब ठिपका दिसेपर्यंत क्रॅबच कर, मग मार्केरियन ४२१ हा ब्लेझार घे, तो जवळचा आणि भरपूर तेजस्वी आहे. आणि डिसेंबरात रात्री आठ-नऊला जांबोटीच्या बाजूला कुठं अंधारात गेलात तर डोक्यावर मेष रास दाखवा त्याला. ०२२९ डोळ्याला दिसत नाही, साध्या दुर्बिणीतनं पण नाही, पण नेमकं कुठं बघायचं आहे ते एकदा मान वर करून बघितलेलं बरं असतं.